तुरटी, 'पॉली' आणि करपलेला बटाटा : गढूळ पाणी निवळण्याची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात एक तिशीतला तरुण दवाखान्यात आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) जिल्ह्यातल्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रिया विभागात, म्हणजे त्याच्या भाषेत 'ईटीपी'वर, तो काम करतो. दोन महिन्यांपासून पायाच्या बोटांना मुंग्या येत होत्या. रात्री तळव्यांची आग व्हायची. मोबाइलवर त्याने एका पिशवीचा फोटो दाखवला. आत साखरेसारखी पांढरी पूड होती. "डॉक्टर, ही पॉली. रोज दोनदा टाकीत टाकतो. नेटवर वाचलं, यात ॲक्रिलामाइड असतं, त्याने नसा जातात आणि कॅन्सर होतो. खरं आहे का?"

'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं, पण ते अर्धवट ठरलं असतं. ही पूड मुळात खाणींच्या चिखलासाठी लोकप्रिय झाली, तिच्यातल्या एका घटकाने कामगारांच्या नसा खरोखर बिघडवल्या, आणि त्याच घटकाचा माग काढताना शास्त्रज्ञ शेवटी आपल्या कढईपर्यंत पोचले. तेव्हा ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो. मांडव्याच्या लोकांना ती समजायला सोपी जाईल, कारण तिची सुरुवात आपल्या दारातच आहे.

मांडवा जेट्टीवर बोटीची वाट बघत तुम्ही अनेकदा उभे राहिला असाल. पावसाळ्यात समोरचं पाणी चहासारखं दिसतं. रेवसच्या बाजूला ओहोटी लागली की काळा मऊ चिखल उघडा पडतो, पाय टाकला तर गुडघाभर आत जातो. हा गाळ अंबा आणि पाताळगंगा या नद्यांनी धरमतरच्या खाडीत आणलेला. पण नदीत मैलोन्‌मैल तरंगत आलेली माती नेमकी खाडीच्या आसपासच एवढी का बसते? पाण्याचा वेग मंदावतो हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे मीठ.

मातीचा बारीक कण पाण्यात किती वेगाने खाली जातो याचं गणित जॉर्ज स्टोक्स यांनी १८५१ मध्ये मांडलं. त्यानुसार मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा वाळूचा कण एक मीटर खोल जायला दोन मिनिटंही घेत नाही. कण त्याच्या शंभरावा भाग, म्हणजे एक मायक्रॉन असेल, तर तेवढ्याच अंतराला बारा-तेरा दिवस लागतात. तेही पाणी अगदी न हलता राहिलं तर. त्यात चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सगळे सारख्याच भाराचे, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलत राहतात, एकत्र येऊन जड होत नाहीत. समुद्राच्या पाण्यातलं मीठ या भाराला झाकून टाकतं. कण जवळ येतात, चिकटतात, त्यांचे गोळे होतात आणि ते खाली बसतात. आपली खाडी हजारो वर्षं हेच करत आली आहे.

हेच काम घरी करायला आपल्या लोकांनी खूप आधी उपाय शोधले होते. सुश्रुतसंहितेत पाण्याबद्दलच्या अध्यायात गढूळ पाणी निवळण्याचे सात मार्ग दिले आहेत, त्यात पहिला कतकाचा, म्हणजे आपल्या निवळीच्या बीचा. मडक्याच्या आतल्या बाजूला बी घासायची आणि मग पाणी भरून ठेवायचं. सुदानमध्ये नाईलच्या गढूळ पाण्यासाठी बायका शेवग्याच्या बियांची पूड वापरत. शेवग्याच्या बीमध्ये धन भाराची प्रथिनं असतात आणि ती मातीच्या कणांचा ऋण भार पुसतात. आपण शेंगा खातो, जून झाल्या की बिया टाकून देतो.

मग तुरटी. तुरटीत ॲल्युमिनियम असतं आणि त्याच्या आयनावर तीन धन भार असतात. मिठातल्या सोडियमवर एकच. हान्स शुल्झे यांनी १८८२ मध्ये दाखवलं की आयनावरचा भार एकाने वाढला की गाळ बसवण्याची ताकद नुसती दुप्पट-तिप्पट होत नाही, कैक पटींनी वाढते. म्हणून जे काम करायला समुद्राला मूठभर मीठ लागतं, ते तुरटीचा खडा हंड्यात चार वेळा फिरवल्यावर होतं.

इथे डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली : निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. तुरटीने माती बसते, तिच्याबरोबर काही जंतूही खाली जातात, पण कावीळ किंवा टायफॉइड व्हायला पुरेसे वर उरतात. वरचं स्वच्छ पाणी ओतून घ्या आणि मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब टाका. क्रम उलटा करू नका. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरीन बरंचसं मातीवर आणि काडीकचऱ्यावरच खर्च होतं.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. १९७० च्या दशकात अमेरिकेत डायलिसिसवर असलेल्या काही रुग्णांची वाचा अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली, आणि त्यातले बरेच दगावले. डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्रे आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या रुग्णांच्या मेंदूत ॲल्युमिनियम जास्त असल्याचं दाखवलं. ते दोन वाटांनी येत होतं : फॉस्फेट कमी करण्यासाठी दिलेल्या औषधांतून आणि डायलिसिसच्या पाण्यातून. अनेक शहरांचं पाणी तुरटीच्याच जातीच्या क्षाराने निवळलेलं असतं. निरोगी माणूस ते पितो तेव्हा आतड्यातून अगदी नगण्य ॲल्युमिनियम रक्तात जातं आणि किडनी ते बाहेर टाकते. डायलिसिसमध्ये मात्र एका बैठकीत शंभराहून जास्त लिटर पाणी पातळ पडद्यापलीकडून रक्ताच्या शेजारून वाहतं, आणि बाहेर टाकायला किडनी नसते. आज डायलिसिस सेंटरमध्ये मोठा आरओ प्लांट दिसतो तो या अनुभवानंतर आलेला आहे. तुमच्या घरचं कोणी डायलिसिसवर असेल तर 'पाण्याची तपासणी शेवटची कधी झाली?' असं विचारायला संकोच करू नका.

आता खाणीकडे वळू.

खनिज जमिनीतून निघतं तेव्हा त्यात माती मिसळलेली असते. ते दळतात, धुतात, कामाचं वेगळं करतात. उरतो तो राळा : पाणी आणि पिठाहून बारीक दगड-माती यांचं पातळ मिश्रण. गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत कमी प्रतीचं लोहखनिज असंच धुतलं जायचं, आणि लाल राळा साठवायला मोठे तलाव केलेले असायचे. आपल्याकडच्या अनेक घरांत गोव्याच्या खाणीवर किंवा मांडवी नदीतल्या बार्जवर काम केलेलं कोणी ना कोणी भेटतं. त्यांना विचारा, जुलै महिन्यात तिकडच्या ओहोळांचा रंग कसा असायचा. पावसात डंपांवरून आणि तलावांतून वाहून आलेली लाल माती शेतात बसली की भातजमीन कडक होते. शेतकऱ्यांची ही तक्रार कित्येक वर्षं चालू होती. पुढे शहा आयोगाचा अहवाल आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातलं लोहखनिजाचं खाणकाम थांबवलं. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं. या खटल्यांत मुख्य प्रश्न परवान्यांचे आणि बेकायदा उत्खननाचे होते, पण लोकांच्या मनातली लाल माती त्याच्या मागे होती.

राळ्याचा प्रश्न सगळ्या जगात तोच आहे. तो बसत नाही. आणि न बसलेला राळा धरणामागे साठवून ठेवला की तो दगडासारखा उभा राहत नाही, द्रवासारखा दाबतो. हंगेरीत ऑयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी ॲल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलाचा बांध फुटला, दहा माणसं गेली, आणि कॉस्टिकमिश्रित चिखलाने शंभराहून जास्त लोक भाजले. ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ रोजी लोहखनिजाच्या राळ्याचं धरण कोसळलं. २७० जीव गेले. राळ्यातलं पाणी लवकर वेगळं काढता आलं तर तलाव लहान राहतो, चिखल घट्ट होतो आणि पाणी परत वापरता येतं. म्हणून खाणवाल्यांनी निवळीचा आणि तुरटीचा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवायला घेतला.

आधी चुना आला. मग स्टार्च, म्हणजे आपण सुती साडीला लावतो ती खळ! १९३० च्या दशकात युरोपात कोळसा धुतलेलं काळं पाणी निवळायला चुना आणि स्टार्च वापरत. बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणारा लाल चिखल बसवायलाही अनेक वर्षं पीठ आणि स्टार्च टाकत असत. (कोल्हापूरकडचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जातं, तिथेही लाल चिखल निघतोच.) स्टार्चचा रेणू लांब असतो, साखरेच्या कड्यांची माळ. एक टोक एका कणाला चिकटतं, दुसरं दुसऱ्याला, आणि माळेत बांधलेले कण ओझ्याने खाली जातात. तुरटी कणांमधलं भांडण मिटवते. माळ त्यांना एकत्र बांधून टाकते. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही एकापाठोपाठ केली जातात.

१९५० च्या दशकात रसायन कंपन्यांनी स्टार्चहून कितीतरी लांब माळ तयार केली : पॉलीॲक्रिलामाइड. ॲक्रिलामाइड नावाच्या छोट्या रेणूच्या लाखभर कड्या एकापुढे एक जोडायच्या. एक टन कोरड्या गाळाला काही दहा ग्रॅम पूड पुरते. 'थिकनर' नावाच्या गोल टाकीत राळा सोडायचा, त्यात या पुडीचं पातळ द्रावण सोडायचं, आणि डोळ्यांदेखत पोह्यांएवढे गोळे होऊन खाली जातात. ही पूड आधी खाणीत रुळली, मग कागद कारखान्यात, साखर कारखान्यात, शहरांच्या पाणी प्रकल्पात आणि शेवटी माझ्या रुग्णाच्या ईटीपीत आली. 'पॉली' हे तिचं घरगुती नाव.

या गोष्टीत माळ आणि कडी यांतला फरक लक्षात ठेवा. पूर्ण माळ एवढी मोठी असते की ती त्वचेतून किंवा आतड्यातून शरीरात शिरत नाही. सुटी कडी मात्र लहान असते, पाण्यात चटकन विरघळते, त्वचेतूनही आत जाते, आणि ती नसांना विषारी आहे.

हे कळलं ते कामगारांच्या अंगावरून. १९६७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये गारलँड आणि पॅटरसन यांनी सहा कामगारांची माहिती छापली. सहाही जण गाळ बसवणारी रसायनं तयार करण्याच्या कामावर होते, म्हणजे सुट्या कड्यांपासून माळ बनवण्याच्या. आधी तळहाताची सालं निघायची, हाताला घाम यायचा, मग हातापायांत बधिरपणा, अशक्तपणा, चालताना तोल जाणं. ॲक्रिलामाइडने सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात आणि त्या टोकाकडून मुळाकडे सुकत येतात, म्हणून सुरुवात बोटांपासून होते. संपर्क थांबला की बहुतेक रुग्ण काही महिन्यांत सुधारतात. फार दिवस आणि फार मात्रेत संपर्क झाला असेल तर काही दोष राहून जातो.

कडीचा आणखी एक उपयोग होता : ती द्रवरूपात भेगांमध्ये सोडायची आणि तिथेच तिची माळ होऊ द्यायची, म्हणजे पाझर बंद होतो. जपानमध्ये १९७५ मध्ये एका घराच्या विहिरीजवळ गटाराच्या कामात असं रसायन जमिनीत सोडलं गेलं. विहिरीच्या पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम ॲक्रिलामाइड सापडलं. घरातल्या पाच जणांना भ्रम झाला, चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. सुदैवाने काही महिन्यांत सगळे बरे झाले.

आणि मग स्वीडन. दक्षिण स्वीडनमध्ये हालंडसोस नावाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणत होते. (आपल्या कोकण रेल्वेच्या इंजिनियरांना बोगद्यातल्या पाण्याचा त्रास वेगळा सांगायला नको.) पाणी थांबेना म्हणून १९९७ मध्ये ॲक्रिलामाइड असलेलं रसायन प्रचंड प्रमाणात भेगांत भरलं. ते पूर्ण जुळलं नाही. शरद ऋतूत खालच्या ओढ्यात मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गायी लुळ्या पडल्या. काम थांबलं. बोगद्यातल्या दोनशेहून अधिक कामगारांचं रक्त तपासलं गेलं. ॲक्रिलामाइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटून बसतं, त्यामुळे मागच्या काही महिन्यांचा हिशेब रक्तात सापडतो. मधुमेहींच्या 'तीन महिन्यांच्या साखरे'ची, म्हणजे एचबीएवनसीची तपासणी जशी, तसंच हे.

तुलनेसाठी बोगद्याशी काहीही संबंध नसलेल्या लोकांचंही रक्त घेतलं होतं. त्यात ॲक्रिलामाइड शून्याच्या जवळ असेल अशी अपेक्षा होती. तसं नव्हतं. सगळ्यांच्या रक्तात ते थोडं थोडं होतं. सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त, कारण तंबाखूच्या धुरात ते असतं. पण न ओढणाऱ्यांतही होतं. मग ते येतं कुठून?

स्टॉकहोम विद्यापीठातल्या मार्गरेटा टोर्नक्विस्ट आणि एडेन तारेके यांच्या गटाला जेवणाचा संशय आला. उंदरांना तळलेलं खाद्य दिलं, त्यांच्या रक्तातलं प्रमाण वाढलं. एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न प्रशासनाने आणि विद्यापीठाने जाहीर केलं की बटाट्याचे वेफर्स, फ्रेंच फ्राइज, खरपूस भाजलेला ब्रेड यांत ॲक्रिलामाइड तयार होतं. त्याच वर्षी कारणही कळलं : पिष्टमय पदार्थातलं ॲस्परजिन नावाचं अमिनो आम्ल आणि साखर साधारण १२० अंशांच्या वर तापली की जो खमंग तपकिरी रंग येतो, त्याच प्रक्रियेत ही कडी जन्मते. चूल पेटवायला लागल्यापासून माणूस ती खात आला आहे.

आता आकडे पाहा, कारण भीती आकड्यांपुढे जरा शांत होते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ०.५ मायक्रोग्रॅम ॲक्रिलामाइड ही मर्यादा सुचवली आहे. हा आकडा कसा जुळतो ते बघा. पिण्याच्या पाण्यासाठीच्या पॉलीमध्ये सुट्या कड्या ०.०५ टक्क्यांहून जास्त नसाव्यात, आणि लिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त पॉली टाकू नये, असा अमेरिकेतला नियम आहे. एक मिलिग्रॅमचा ०.०५ टक्का म्हणजे बरोबर ०.५ मायक्रोग्रॅम. असं मर्यादेवरचं पाणी तुम्ही दिवसाला दोन लिटर प्यायलात तर एक मायक्रोग्रॅम पोटात जाईल. वेफर्ससाठी युरोपीय संघाने २०१७ च्या नियमांत किलोला ७५० मायक्रोग्रॅम ही पातळी ठरवली आहे. त्या पातळीचं ३० ग्रॅमचं एक पाकीट म्हणजे बावीस मायक्रोग्रॅम.

कॅन्सरचं काय? आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये ॲक्रिलामाइडला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं, मुख्यतः प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून. माणसांच्या आहारावरच्या अभ्यासांत बहुतेक कॅन्सरबाबत स्पष्ट संबंध दिसलेला नाही. म्हणून मी कोणाला थालीपीठ सोडायला सांगत नाही. बटाट्याचे काप तळण्याआधी अर्धा तास पाण्यात ठेवून पुसून घ्या, सोनेरी झाले की काढा, काळे पडलेले बाजूला करा. भाकरीचा जळका पापुद्रा काढून टाकला तर काही बिघडत नाही. उकडलेल्या-वाफवलेल्या पदार्थांत ते जवळजवळ तयारच होत नाही; मोदक निर्धास्त खा (साखरेचं बघून). आणि सिगारेट ओढत असाल तर वेफर्सची चर्चा माझ्याशी करू नका, आधी ती सोडा.

माझ्या रुग्णाकडे परत येतो. त्याच्या पिशवीत तयार माळ होती, सुटी कडी नव्हती. तळहाताची सालं निघालेली नव्हती, घाम नव्हता, तोल ठीक होता. घोट्याजवळ कंपन कमी जाणवत होतं. रक्त तपासलं : एचबीएवनसी ९.४. वडिलांना मधुमेह, रात्रपाळी, जेवणाच्या वेळेला वडापाव. मधुमेहातही लांब नसा आधी बिघडतात, टोकाकडून, म्हणून चित्र सारखं दिसतं. आपल्याकडे पायाला मुंग्या येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. त्याच्या खालोखाल बी-१२ ची कमतरता आणि दारू. औषधं सुरू केली, तीन महिन्यांनी आग कमी झाली.

पुडीबद्दलही त्याला सांगितलं. माळ निरुपद्रवी म्हणून ती मुठीने उचलायची नाही. ग्लोव्ह्ज आणि मास्क घालायचा, कारण धूळ छातीत जाते आणि थोड्या सुट्या कड्या प्रत्येक पिशवीत असतातच. सांडलेल्या पुडीवर पाणी ओतायचं नाही. ती बुळबुळीत होते आणि माणूस घसरतो; कोरडीच झाडून घ्यायची. उरलेलं द्रावण ओढ्यात ओतायचं नाही. धन भाराची पॉली माशांच्या कल्ल्यांना चिकटते आणि त्यांचा श्वास कोंडतो.

तुमच्या कामाच्या जागीही अशी पिशवी असेल तर सुपरवायझरकडे तिची 'सेफ्टी डेटा शीट' मागा. तो कागद मालासोबत येतो. त्यात 'रेसिड्युअल मोनोमर' किंवा 'ॲक्रिलामाइड' अशी ओळ आणि टक्केवारी शोधा. ०.१ टक्क्याच्या खाली असेल तर वरची काळजी पुरे. आकडाच नसेल, किंवा काम तयार पूड मिसळण्याचं नसून ॲक्रिलामाइड हाताळण्याचं असेल, आणि तळहाताची सालं निघून बोटं बधिर होत असतील, तर तो कागद घेऊनच दवाखान्यात या. येताना साखरेची तपासणी उपाशीपोटी करून आलात तर एक फेरी वाचेल.